परक्या आईचा चेहरा

एक्केचाळिसाव्या वर्षी मी तैलरंग शिकायला लागले. सहा दिवस तुर्भ्याची कंपनी आणि रविवारी सकाळी वाशीला सरांचा क्लास. सर कला महाविद्यालयातून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच, पहिलं वर्षभर फक्त नक्कल. माझ्या वाट्याला पाचशे वर्षांपूर्वीचं एक इटालियन चित्र आलं: मांडीवर बाळ येशूला घेऊन बसलेली मेरी. छापील प्रतीवर चौकटी आखायच्या, तशाच कॅनव्हासवर, आणि एकेक चौकट उतरवत जायचं.

"स्वतःचं काढायची घाई नको," सर म्हणायचे. "आधी हिच्यासमोर बसायला शिका."

मी बसले. चेहऱ्याला आधी हिरवट करडा थर द्यायचा. तो वाळला की वरून पांढरा, पिवळा, किंचित लाल, अगदी पातळ. मेरीची पापणी जमायला मला तीन रविवार लागले.

आई तेव्हा उरणजवळच्या गावी माझ्या भावाकडे असायची. जन्म मिठागरात गेलेला. त्या वर्षी तिचं हृदय थकलं होतं, पाय सुजायचे. दर शनिवारी तिचा फोन यायचा.

"बाय, उद्या येशील ना?"

"पुढच्या रविवारी येते, आई. एक बाही राहिलीय."

"कोनाची बाही?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. तिची झाली का ये."

वर्ष संपताना सरांनी माझी मेरी सगळ्या क्लासला दाखवली. मला वाटलं, आता आपल्याला येतं. मी आईला काढायचं ठरवलं. रजा घेऊन, नवा कॅनव्हास घेऊन गावी गेले. आई नवं लुगडं नेसून, कानांत बुगड्या घालून ओट्यावर बसली. दम लागत होता, तरी हलली नाही.

मी शिकले होते तसाच हिरवट थर दिला. पुढे मात्र काही जमेना. उन्हानं रापलेली, गालाच्या हाडावर तांबूस झाक असलेली तिची कातडी माझ्या कुठल्याच मिश्रणात येईना. रंग एकतर चिखलासारखा व्हायचा, नाहीतर गोरा. शेवटी सरांना फोन केला.

"तेच करा, वरून थोडा ब्राउन टाका," ते म्हणाले. "फार काळं करू नका, चित्र मरतं."

मी तेच केलं. चार दिवसांनी आईनं चित्र पाहिलं.

"कोन ही?"

"तू."

"मी नाय. ही तुझी क्लासातली हाय. नाक तेवरं माजं लावलंस." रागानं नाही, कालवणात मीठ कमी पडलंय म्हणावं, तसं म्हणाली.

"पुन्हा काढते. रविवारी येते," मी म्हटलं. या वेळी मी खरंच येणार होते. आई गुरुवारी गेली.

दहाव्याला भावानं स्टुडिओतून तिचा मोठा फोटो करून आणला. त्यांनी तिचा चेहरा उजळ केला होता, ओठ गुलाबी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ही आई आहे का?"

"मग तू काय काढलं होतंस?" भाऊ म्हणाला.

मी आत जाऊन भांडी घासत बसले.

त्यानंतर मी क्लासला गेले नाही. सरांचे मेसेज येत राहिले, पुढचं चित्र निवडून ठेवलंय म्हणून. त्यांना काय सुनावायचं, ते मी कितीदा मनात जुळवलं. पण रविवारी गावी जाऊ नका, असं त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं.