पगडीवाल्यांच्या गादीवर माझं भाषण

आता कुठून सुरू करू? सांगताना आजही कान गरम होतात. पण चहा आलाच आहे, तर ऐका.

मी मूळचा साताऱ्याचा, इंदूरला कॉलेजात इतिहास शिकवतो. आमच्या प्रदर्शनासाठी मल्हारगंजच्या जुन्या बाजाराचे फोटो हवे होते. ते फक्त एका पगडीवाल्यांकडे आहेत असं कळलं. प्राचार्यांना मी आधीच छातीठोकपणे सांगून बसलो होतो, 'आणतो.'

चार वाजता दुकानात पोचलो. शुभ्र गाद्या, त्यावर पांढऱ्या कपड्यांत पन्नासेक माणसं. भिंतीवर ऐटदार पगडीतल्या तरुणाचा जुना फोटो, त्याला हार. म्हटलं, हे मूळपुरुष असणार, होळकरांच्या काळातले. दुकानाचा वर्धापनदिन दिसतो. नशीब बघा माझं!

कॉलेजातून आलोय म्हणताच मालक सुधीरभाऊंनी हात जोडून बसवलं. एकेक जण उठून आठवणी सांगत होता. एकदा म्हणे दोन नवरदेवांच्या पगड्या बदलल्या. एकाची नाकापर्यंत उतरली आणि त्यानं वरमाला सासूच्याच गळ्यात घातली. सगळे हसले. मी तर गादीवर थाप मारून हसलो.

"सर, आपणही दोन शब्द बोला," सुधीरभाऊ म्हणाले.

इतिहासाच्या मास्तराला असं कधी सांगू नये. मी होळकरांच्या फौजेपासून सुरुवात केली. पंधरा मिनिटांनी शेवट केला, "असा सोहळा तुम्ही दरवर्षी ठेवा. पुढच्या वेळी मी विद्यार्थीही आणीन."

पन्नास माना एकदम माझ्याकडे वळल्या. 

सुधीरभाऊ हळूच म्हणाले, "सर, दरवर्षी तर मुश्किल आहे. बाबूजी गेले, आता त्यांच्या पिढीतले हे एकटे काकाच बाकी आहेत."

पुढे बसलेले काका इंदुरी थाटात मला म्हणाले, "भिया, माझ्याकडे नका पाहू."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तो उठावना होता. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी इथे सगळे एके ठिकाणी जमतात, आठवणी काढतात आणि उठतात. आमच्याकडे लोक घरी जाऊन भेटतात; ही इथली रीत मला कुठून ठाऊक असणार? फोटोतले मूळपुरुष म्हणजे परवाच नव्वदीत गेलेले सुधीरभाऊंचे वडील. फोटो त्यांच्या लग्नातला.

कशासाठी आलो होतो ते सांगून टाकलं, फोटोंची आशा सोडली आणि काकांच्या पायाशी वाकलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर पाहिलं तर म्हातारा हसत होता.

"सुधीर, सरांना फोटो देऊन दे. दादा असते तर तेच सगळ्यात जास्त हसले असते." मग जरा थांबून म्हणाले, "पण माझ्या उठावन्याची खबर यांना नको देऊ. पूरी क्लास घेऊन येतील."