चालीची कोरी जागा

हिवरखेडच्या आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका भजनं सिनेमाच्या गाण्यांवर बसवतात. त्यात लपवाछपवी नाही. वहीत प्रत्येक भजनाच्या वर 'चाल' असं लिहून पुढे मूळ गाणं टाकतात आणि गाण्याआधी ते मोठ्यानं वाचतातही. एकाच भजनावर ती जागा कोरी होती. मी विचारलं, तर पेटीचा भाता बंद करत हळूच म्हणाले, "माही हाय ते." चोरी कबूल करावी तसे.

त्याच भजनाचा व्हिडिओ मी यूट्यूबवर टाकला. वर्षभरानं त्याच चालीवर सिनेमाचं गाणं आलं, गाजलं, आणि परवा कंपनीची नोटीस आली: चाल आमची आहे, व्हिडिओ काढा.

"काका, चाल तर तुमची हाय. भांडू ना आपण!" मी म्हटलं.

त्यांनी नोटीस दोनदा वाचली. मग वही उघडली आणि कोऱ्या जागेत, वळणदार अक्षरात, सिनेमाचं ते गाणं लिहिलं.

"हे काहून?"

"सगळ्यायचं लिवलं बाप्पा," पेनाला टोपण लावत ते म्हणाले. "माहंच लिवाचं राहून गेलं."