रविवार दुपारचा जबाब

“परत वाच.”

जबाब वाचून दाखवला की साक्षीदार मान डोलवतो, सही करतो आणि निघतो. पोलीस ठाण्यात बसायची हौस कुणाला असते? हा मात्र मनगट टेबलावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “परत वाच.” मी पेणच्या ठाण्यात रायटर होतो, म्हणजे जबाब लिहिणारा हवालदार. माझं लिहिणं दोनदा ऐकणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.

तो धरमतरच्या बाजूला मिठागरावर कामाला होता. पंचेचाळिशीचा, सडसडीत, एकटा. उन्हात मिठाकडे बघून बघून डोळे कायमचे बारीक झालेले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हसतायत की चिडलीयत ते पटकन कळत नाही. मला कळायला दोन जबाब लागले.

पहिला मार्गशीर्षातला. मिठागराच्या पाण्यात एक मजूर मेलेला सापडला, गळ्याला त्याच्याच पंच्याचा फास. सापडला तो याला. ‘प्रेत खाडीतून वाहत आले’ असं लिहून मी वाचून दाखवलं.

“परत वाच.” मी परत वाचलं. “वाहत नाय आला तो. ठेवलाय. उघाडी बंद व्हती.”

उघाडी म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं दार. मी घाटावरचा. मला वाटायचं, पाणी आपलं येतं नि जातं. दार बंद, म्हणजे प्रेत बांधावरून आणलेलं. म्हणजे मारणारा रस्त्याने आलेला. साहेबांनी माझी पाठ थोपटली. शाबासकी मी खाल्ली आणि त्याला चहा पाजला.

महिन्याभराने दुसरा मजूर गेला. तसाच फास, तेच मिठागर, आणि सापडला पुन्हा यालाच. त्यानंतर दर चार दिवसांनी तो ठाण्यात यायचा. “कायतरी आठवलं,” म्हणायचा आणि कागदात बांधलेली खड्या मिठाची पुडी टेबलावर ठेवायचा. आठवलेलं काहीच नसायचं. घरी मिठाची बरणी भरून वाहायला लागली, तरी मी कधी नको म्हटलं नाही. एकदा विचारलं, दोनदा कशाला वाचायला लावतोस?

“तू वाचलंस का माज्या बोलन्याला किंमत आल्यागत वाटते. आजवर कोनी लिवून घेतलं नाय.”

त्या दिवसापासून मी त्याची वाट बघायला लागलो. दोन पुरुषांचं, त्यात एक पोलीस, जमायला वेळ लागतोच. रामवाडीतल्या माझ्या खोलीच्या दारापर्यंत यायला त्याला महिना लागला आणि आत येऊन पाणी प्यायला आणखी आठवडा. कायदा आड येत नव्हता, माणसांची तोंडं येत होती.

एका रविवारी तो खाडीतला जिताडा मासा घेऊन आला. स्वतःच कालवण केलं. जेवून तिथेच चटईवर झोपला, तीन ते सहा. मी भिंतीला टेकून बसलो होतो. इतक्या बिनघोर झोपलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सोमवारी सकाळी तिसरं प्रेत सापडलं. यालाच. डॉक्टरांनी वेळ सांगितली, रविवारी दुपारी तीन ते सहा.

“सगळी मढी यालाच कशी सापडतात?” साहेब म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. त्याला समोर बसवलं आणि मला लिहायला. काल दुपारी कुठे होतास?

“घरी. एकलाच.”

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी लिहिलं, वाचून दाखवलं. या वेळी तो ‘परत वाच’ म्हणाला नाही. सहीसाठी हात पुढे केला. ती सही झाली असती तर तो आत गेला असता, आणि मी बाहेर राहिलो असतो.

“साहेब, हे खोटं आहे,” मी म्हणालो. “तो माझ्या खोलीवर होता.”

“काय करत होता?”

“झोपला होता.”

“तीन तास? आणि तू?”

“मी त्याच्याकडे बघत होतो.”

साहेबांनी समोरचा कागद फाडला. मग म्हणाले, “दुसरा कागद घे. खोलीवर होता एवढं लिही. बघत होतो ते नको.”

बाहेर येऊन त्याने मला झापलं. “नोकरी जाईल तुजी.” मी म्हटलं, तुझा गळा गेला असता. यावर त्याने खिशातून मिठाची पुडी काढून माझ्या हातात दिली.

पंधरवड्याने रोह्यात एक टेम्पोवाला पकडला गेला. तिन्ही खून त्याचेच. हायवेला उभ्या एकट्या मजुरांना तो घरी सोडतो म्हणायचा. का मारलं, ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यानंतर माझी रोह्याला बदली झाली. शिक्षा होती की योगायोग, मी विचारलं नाही. मिठागरावरून तो दर रविवारी एसटीने माझ्याकडे रोह्याला यायचा. पाच वर्षं आला. जेवून झोपायचा, आणि उठल्यावर मी त्याला पेपर वाचून दाखवायचो, प्रत्येक बातमी दोनदा.

गेल्या फाल्गुनात बांधावर त्याला साप चावला. फोनमध्ये शेवटचा नंबर माझा, म्हणून पेणहून मला बोलावलं. माझ्याच जुन्या टेबलापाशी एक महिला हवालदार जबाब लिहीत होती. नाव, वय, धंदा झालं.

“मयताशी नातं?”

हा रकाना मी हजारदा भरलाय. भाऊ, शेजारी, मित्र. एका शब्दात उरकतं. मित्र म्हटलं असतं तर चाललं असतं.

“आम्ही एकमेकांचे होतो,” मी म्हणालो.

तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहिलं. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. “मयत व मी एकमेकांचे होतो. बरोबर आहे ना, काका?”

मी मनगट टेबलावर टेकवलं आणि डोळे मिटले.

“परत वाचा, ताई.”