आजारी पडायचं ते गुरुवारी

ज्योतीरामची आणि माझी खरी ओळख झाली ती एका फोटोवरून. निघोज्याच्या आमच्या कंपनीत तो प्रेस शॉपला, पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर, बारा वर्षं, मी प्लॅनिंगला नऊ. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे मी "किती राहिले?" विचारायचं आणि त्याने माझ्याकडे न बघता "व्हत्यात" म्हणायचं. निगडीत राहून दर रविवारी डोंगर चढायला जाणारे जे हौशी लोक असतात, त्यांतला मी एक. कॅन्टीनमध्ये सोनटेक गडाचे फोटो दाखवून मी लोकांना पिडत होतो, तेव्हा ताट घेऊन चाललेला ज्योतीराम थांबला, वाकला आणि मोबाइलवर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो आमचा उंबरा हाय. आन् ही आई." मी फोटो काढला होता दरीतल्या ढगांचा. कोपऱ्यात एक घर आणि दारात बसलेली म्हातारी आली होती, ती मी कापून टाकणार होतो.

त्याचं गाव मेटवाडी. मेट म्हणजे गडाच्या चढावरची पहाऱ्याची जागा. ज्योतीरामच्या पूर्वजांना तिथं बसवलं ते वाट राखायला. पुढे गड ओस पडला, पहारा उठला, आणि वाट राखणारे मात्र तिथेच राहिले. खालच्या गावापासून दीड तासाची चढण, गाडीरस्ता नाही. अकरा घरं, त्यातल्या सहांना कुलूप. कमावती माणसं सगळी चाकण-भोसरीच्या कंपन्यांत. आमच्याच प्रेस शॉपला मेटवाडीचे चौघे होते, ज्योतीराम आणि त्याचा चुलतभाऊ खंडू धरून.

त्या ओळखीनंतर एकदा रजा टाकून मी त्याच्याबरोबर वर गेलो. पहिला टप्पा करवंदीच्या जाळीतून, मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, त्यांच्या वर भिंतीत कोरलेला मारुती, नाक झिजलेला. मग कारवीचं रान आणि अचानक मोकळं पठार, पलीकडे सरळ तुटलेला कडा. मी धापा टाकत पुढे पळत होतो आणि तो मागून सावकाश येत होता. "साहेब, गड काय पळून चाललाय का?" असं त्याने दोनदा विचारलं. वाटेत एक दगड हलला तर तो थांबला, दुसरा दगड शोधून आणला, खाली टेकू दिला, वर उभं राहून बघितलं, आणि मगच पुढे निघाला. कंपनीत एक शब्द न बोलणारा हा माणूस त्या वाटेवर मला प्रत्येक वळणाचं नाव सांगत होता. मला त्याचा हेवा वाटला, हे खोटं कशाला बोलू.

तेव्हाच त्याने मला गुरुवारचं सांगितलं. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, आम्हा ऑफिसवाल्यांची तेवढी रविवारी. त्यामुळे मेटवाडीचा सगळा संसार गुरुवारवर आला होता. लग्न गुरुवारी, घर शाकारणं गुरुवारी, आणि आजारी माणसाला खाली न्यायचं तेही गुरुवारी. बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची, तिला चार दमदार माणसं लागतात. दोघांनी दीड तास उतरवणं होत नाही, खांदा बदलायला लागतो. बाकीचे सहा दिवस वर म्हातारी माणसंच. "म्हनून आमच्याकडं आजारी पडायचं ते गुरुवारी," ज्योतीराम म्हणाला आणि हसला. मीही हसलो. इतका आवडला तो विनोद, की घरी येऊन आमच्या भटक्यांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर खूप अंगठे आले.

गेल्या भाद्रपदात आमचा ग्रुप सोनटेकला गेला. रविवार होता. पठारावर सोनकी फुलली होती, जिकडे बघावं तिकडे पिवळं. आम्ही अठ्ठावीस जण. ज्योतीरामच्या आई, मंजुळाबाई, नेहमीसारख्या दारात ताकाचं मडकं घेऊन बसल्या होत्या, पण वाढत होती शेजारची कस्तुरा. मंजुळाबाईंचा एक हात पोटावर होता.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"प्वाटात कळ येती दोन दिस. काय न्हाई. गुरवारी पोरं येत्याल, मग उतरंन खाली."

मी सॅकमधून ॲसिडिटीची गोळी काढून दिली. फार उदार वाटलं स्वतःला. मग कुणीतरी म्हणालं, आजींबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे. त्या भिंतीला धरून उठल्या आणि आमच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्या फोटोत सगळे हसतायत, त्या सोडून. तरणीताठी, महागड्या बुटांतली अठ्ठावीस माणसं त्यांच्या भोवती उभी होती, आणि दुपारी सगळी त्याच वाटेने मोकळ्या हातांनी खाली उतरली.

सोमवारी चहाच्या वेळी मी ज्योतीरामला म्हणालो, "तुझ्या आईच्या घरचं ताक पिऊन आलो."

"कशी हाय?"

"ठणठणीत."

का म्हणालो? पोटदुखीचं मला आठवत होतं. पण चहाच्या वेळी कुठे ते काढायचं, असं वाटलं. कुणी आईबद्दल विचारलं की आपण चांगलंच सांगतो. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही सापडत नाही.

मंगळवारी माल अडकला. दोन ट्रक भरायचे होते आणि पार्ट तयार नव्हते. गुरुवारी प्रेस शॉप चालू ठेवायचं आणि बदली सुट्टी रविवारी द्यायची, हा निर्णय माझा. नोटीस लागल्यावर ज्योतीराम माझ्या टेबलापाशी आला. तो कधीच काही मागायला येत नसे.

"साहेब, आमा चौघांना तेवढं सोडा गुरवारी. मागच्या खेपेला वढ्याला पानी व्हतं, वर जाता आलं न्हाई."

"अरे, परवाच बघून आलो ना मी. ठणठणीत आहेत. रविवारी जा की निवांत."

"तुमी सवता बघितलंय म्हंजी झालं," तो म्हणाला आणि मशीनकडे गेला.

गुरुवारी वर काय झालं, ते मला नंतर कळलं. मंजुळाबाईंनी पहाटे अंघोळ केली. धुतलेलं लुगडं नेसल्या, एक लुगडं आणि आधारकार्ड गाठोड्यात बांधलं आणि दारात वाटेकडे तोंड करून बसल्या. दहा वाजले तरी कुणी येईना. बारा वाजता त्यांना उलट्या सुरू झाल्या. कस्तुरा पठाराच्या टोकाला गेली, कारण मेटवाडीत मोबाइलला रेंज तिथेच मिळते. तिने ज्योतीरामला लावला, खंडूला लावला, परत ज्योतीरामला लावला. आमच्या शॉपमधल्या माणसांना मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तास दीड तास ती तिथे उन्हात बसून लावत राहिली. परत आली तेव्हा मंजुळाबाईंच्या दाराला कडी होती. गाठोडंही नव्हतं आणि कोपऱ्यातली काठीही नव्हती. कस्तुराचे गुडघे गेलेले, वाट उतरणं तिला होण्यासारखं नव्हतं. वरूनच मारलेल्या हाकांना कुणी ओ दिली नाही, तेव्हा ती परत रेंजच्या जागी जाऊन बसली.

साडेतीनला शिफ्ट सुटली. ज्योतीरामने लॉकरमधून मोबाइल काढला, कस्तुराला लावला, आणि चौघे दोन गाड्यांवर निघाले. मी खिडकीतून त्यांना जाताना बघितलं आणि मला वाटलं, सिनेमाला चालले असतील. खालच्या गावात त्यांनी बांबू आणि घोंगडी घेतली. उजेड मावळत असताना कातळातल्या पायऱ्यांखाली त्यांना त्या सापडल्या. मारुती ओलांडून, अर्ध्याहून जास्त वाट एकट्या उतरून आल्या होत्या. दगडाला टेकून बसलेल्या, गाठोडं मांडीवर. अंग गार पडलं होतं. झोळी त्या दिवशी उतरायची ती चढली.

रविवारी मी समाचाराला वर गेलो. माझ्यापुढे पुण्याचा एक ग्रुप चढत होता, स्पीकरवर गाणी लावून. मेटवाडीत ज्योतीराम ओट्यावर बसला होता, डोक्यावरचे केस काढलेले. मला बघून उठला, जागा करून दिली. खालच्या वाड्यांवरची माणसं येत होती आणि प्रत्येकजण विचारत होता, काय झालं एकाएकी? तेव्हा ज्योतीराम म्हणायचा, "रविवारपतुर ठणठणीत व्हती. हे साहेब सवता बघून गेले. इच्यारा त्यास्नी." मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मी तोंडानेही म्हणालो, "हो, ठणठणीत होत्या." मला समजत होतं, आई दुखत-खुपत बसली नाही, अचानक गेली, या एका गोष्टीवर तो माणूस तीन दिवस तग धरून होता.

कस्तुराने माझ्यापुढे चहा ठेवला. खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, "तुमी व्हता की रविवारी." तिने ज्योतीरामला आधीच्या दुखण्याचं काही सांगितलं नव्हतं. मंजुळाबाईंनी शपथ घातली होती, पोरांना कामावर घोर लावू नको म्हणून. चहा तसाच ठेवून मी उठलो.

मी ज्योतीरामला पाण्याच्या टाक्यापाशी बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. पोटावरचा हात, दोन दिवसांची कळ, गोळी, फोटो, सोमवारचं माझं उत्तर. तो मला मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो टाक्याच्या काठावर बसला.

"तिनं तुमाला खांदा मागितला व्हता?"

"नाही."

"न्हाई मागायची ती," तो म्हणाला. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "तुमी इच्यारायला पायजे व्हतं, साहेब. धडधाकट अठ्ठावीस जन व्हता."

तो उठून ओट्यावर परत गेला. खालच्या गावचे सोपानराव नुकतेच चढून आले होते, घाम पुसत त्यांनीही तेच विचारलं, काय रं झालं एकाएकी? मी टाक्यापाशीच उभा होतो. आता तो माझं नाव घेणार, याची मी वाट बघत होतो. ज्योतीराम म्हणाला, "एकाएकी न्हाई, तात्या. हफ्ताभर दुखत व्हतं तिला. मी इच्यारलंच न्हाई."