वस्तू आणली का, मिस्त्री?

यासीन सरांची आणि माझी पहिली ओळख अकोल्याच्या एका कविसंमेलनात झाली. मी तेव्हा अंजनगाव सुर्जीच्या, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री होतो, आजही आहे. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते वाचनालयाच्या कपाटांतून स्वतःच्या हाताने काढून घेतलेलं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्या दिवशी मी 'रोलर गातो' या ओळीने सुरू होणारी कविता वाचली. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. टाळ्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मिस्त्री, रोलर सिंगल का डबल?"

लोक हसले. मी मात्र खुलून सांगितलं, "डबल."

"चामड्याचा?"

"चामड्याच्या चकत्यांचा. झिजला की खाचा पाडाव्या लागतात."

"अन् कोरडा कापूस आला तं आवाज कसा येते? ओला आला तं कसा?"

मी सांगत गेलो. ओला कापूस आला की आवाज जड होतो, पट्टा घसरतो, सरकी नीट सुटत नाही, रोलरजवळची सुरी तापते. मंचावरचे पाहुणे चहाला उठून गेले. सूत्रसंचालकाने दोनदा घड्याळ दाखवलं. ते गृहस्थ उभेच होते. शेवटी म्हणाले, "हे सारं तुमाले माहीत हाय, अन् तुमी 'गातो' लिहून मोकळे? गाते तं कोनीबी. तुमचा रोलर काय करते ते लिहा ना! रविवारी अचलपूरले या."

सर तेव्हा अकोल्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत आणि दर शनिवारी संध्याकाळच्या बसने अचलपूरला घरी येत. घराणं पिंजाऱ्यांचं. वडिलांनी अर्ध्या गावाच्या गाद्या भरलेल्या. त्यांचं धनुष्यासारखं पिंजण बैठकीच्या भिंतीवर टांगलेलं असे आणि त्याची तात सर स्वतः ताणून ठेवत. 'यासीन सर आणि मराठी?' असं विचारणारे भेटतच. सर एवढंच म्हणत, "उर्दू आईची, मराठी माही." पुढे बोलणं नाही.

त्यांच्या बैठकीत रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण जमायचो. दोन शिक्षक, एक पोस्टमन, बँकेतले एक कारकून, कॉलेजच्या दोन मुली आणि मी. नियम एकच होता. ज्याने उपमा वापरली त्याने ती वस्तू पुढच्या रविवारी घेऊन यायची. वस्तू सगळ्यांच्या हातातून फिरायची आणि मग कविता पुन्हा वाचायची. सर दारातच विचारत, "वस्तू आणली का?" चहा त्यानंतर.

बँकेतल्या कारकुनांनी एकदा लिहिलं, 'रात्र काळी म्हैस होऊन दारात बसली.' सरांनी वही मिटली. "आना."

"सर, म्हैस घरात कशी आणू?"

"मंग घराले म्हशीकडे नेऊ. चला."

आम्ही सगळे गल्लीच्या टोकाच्या गोठ्यावर गेलो. मालकाला वाटलं, सरकारी माणसं जनावरं मोजायला आली. सरांनी कारकुनांचा हात धरून म्हशीच्या पाठीवर ठेवला. ती गरम होती. केस विरळ, राठ. आणि सकाळच्या उन्हात ती काळी नव्हतीच, तांबूस दिसत होती. कारकून बराच वेळ हात न काढता उभे राहिले. मालक म्हणाला, "साहेब, घ्याची हाय का? नाई तं तिले खाऊ द्या." पुढच्या रविवारी त्यांनी 'काळी' हा शब्द काढून आणला होता. म्हैस राहिली, पण आता तिचा श्वास कवितेत आला होता, अंधारात ऐकू येणारा. ती कविता मला आजही पाठ आहे. सरांनी एक शब्दही सुचवला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो.

सरांच्या मनाचा मोठेपणा मला उशिरा कळला. एका हंगामात कापूसच आला नाही आणि आमची जिनिंग चार महिने बंद राहिली. मी घरी बसलो. बसलेल्या मिस्त्रीची घरात काय किंमत असते ते मिस्त्रीलाच ठाऊक. त्या काळात सर दर बुधवारी एसटीने अंजनगावला येऊ लागले. वही काढून म्हणायचे, "मिस्त्री, आज सुरीचं समजावून सांगा. रोलरपासून किती अंतर ठेवता? कमी झालं तं काय होते?" मी बंद जिनिंगच्या फाटकात उभा राहून त्यांना तासभर शिकवायचो. घरी परतताना माझी चाल बदललेली असे. सरांना जिनिंगच्या सुरीचं काही काम नव्हतं, हे समजायला मला कित्येक वर्षं लागली. बुधवारी त्यांची सुट्टी नसायची. रजा टाकून येत.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे मी पंधरा वर्षं अचलपूरला गेलो नाही. सरांना एक गोष्ट सांगायची राहून गेली होती आणि ते आहेत तोवर ती सांगायची होती. सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथातला हा लेख त्यासाठीच मी मागून घेतला.

ती वर्षं वऱ्हाडाने पाहिली आहेत, मी वेगळी सांगत नाही. रोजच्या पेपरात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं रोज एक नाव असायचं. आम्ही लिहिणारे सगळे त्यावर लिहीत होतो, आणि लिहिता लिहिता एका प्रतिमेपाशी येऊन थांबलो होतो: कापसाचं कफन. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्या संमेलनात जावं तिथे चार कवितांत कफन. माझ्याही कवितेत होतं. 'वेचला तो कापूस नव्हता, कफन होतं.' बाहेरगावच्या एका संग्रहासाठी ती कविता निवडली गेली होती आणि संपादकांनी हीच ओळ उचलून धरली होती. मी ती मोठ्या ऐटीत रविवारी वाचली.

सर बराच वेळ गादीच्या शिवणीवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "कापूस म्हनजे गादी. उशी. दिव्याची वात. बाळंतिणीच्या कानातला बोळा. माह्या अब्बानं लोकायच्या लग्नाच्या गाद्या भरल्या त्यातून. एवढ्यातून कफनच काहून उचललं तुमी?"

"सर, दिवसच तसे आहेत."

"दिवस तसे हायेत म्हनून, का सारे उचलून राहिले म्हनून?"

मी वहीची पानं उलटत राहिलो. सर म्हणाले, "ठीक हाय. नियम माहीत हाय तुमाले. वस्तू आना."

मी नेमकेपणाचा हट्टी माणूस. कवितेत कफन आहे तर कफनच आणायचं, नुसतं पांढरं कापड चालणार नाही. अमरावतीला गेलो आणि कफनाचं कापड ठेवणाऱ्या एका जुन्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हातारे होते. मी "कफन पाहिजे" म्हणताच ते बसल्या जागेवरून उठून उभे राहिले. हातातला चहाचा कप त्यांनी बाजूला ठेवला.

"मर्द का औरत?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. दोघांचं माप वेगळं असतं, कापडंही कमी-जास्त लागतात, हे मला तिथे कळलं.

"मर्द," मी म्हणालो.

"उमर?"

"साठीच्या आतबाहेर."

"कद? तुमच्यायेवढे होते का?"

होते. त्या एका भूतकाळी शब्दाने मी हललो. पण तोंड थांबलं नाही. "माझ्याहून एक वीत उंच," मी म्हणालो.

त्यांनी ठाण उलगडलं, मापलं आणि कात्री न लावता हाताने फाडलं. तो आवाज मी रोलरच्या कुठल्याही आवाजापेक्षा नीट ओळखतो. घडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "अल्ला सबर दे तुमाले." मी मान खाली घातली. पायरी उतरल्यावर मला कळलं की मी कोणाची उंची सांगितली होती. कवितेसाठी एक मेलेला माणूस हवा होता, आणि डोळ्यांसमोर जो सर्वात जवळचा माणूस आला त्याचं माप देऊन मी मोकळा झालो होतो.

रविवारी ती घडी मी बैठकीत ठेवली. कोणी हात लावला नाही. फक्त सरांनी ती उचलली, एक पदर उलगडला, दोन हातांत धरून पाहिला, पुन्हा घडी केली.

"दुकानदारानं काय इचारलं?"

"मर्द की औरत."

"तुमी काय सांगतलं?"

"मर्द. साठीच्या आतबाहेर."

"अन् कद?"

"आठवत नाही," मी म्हणालो. सुरी आणि रोलरमधलं अंतर केसाच्या जाडीपर्यंत सांगणारा मी, चार दिवसांपूर्वीचा एक आकडा मला आठवत नव्हता! सरांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाले, "ज्या ओळीसाठी दुकानात माणूस मारावा लागते, ते ओळ कापून टाका, मिस्त्री. ज्यायच्या घरी खरंच फाडलं गेलं, त्यायच्या कानावर हे कविता जाईन. त्यायले तुमी काय दाखवान?"

मला राग आला. राग कसला, लाज होती ती, पण तेव्हा राग वाटला. "मग साऱ्या जिल्ह्याला सांगा, मला एकट्यालाच का?" असं म्हणून मी उठलो.

"कापड न्या तुमचं."

"परत करून टाका."

"कफन वापस घेत नसतेत, मिस्त्री."

मी न वळता निघून आलो. कविता छापून आली. तीन ठिकाणी वाचली, तिन्ही ठिकाणी वाहवा झाली आणि तिन्ही वेळा त्या ओळीवर मला कापड फाटताना ऐकू आलं. चौथ्यांदा वाचली नाही. पण अचलपूरलाही गेलो नाही. जायचं तर कद सांगावा लागला असता.

माझ्यामागे ती बैठक आणखी काही वर्षं चालली, मग पोस्टमन बदलून गेले, मुलींची लग्नं झाली, सरांच्या डोळ्यांनी दगा दिला, असं ऐकत होतो. रविवारी सकाळी मात्र मी अजूनही लवकर उठतो. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. अचलपूरची गाडी साडेसातला सुटते. ती गेल्याचा आवाज आला की मी शर्ट बदलतो. घरचे आता विचारत नाहीत. या पंधरा वर्षांत मी पुष्कळ लिहिलं, पुष्कळ वाचलं, पण दारात उभं राहून 'वस्तू आणली का?' असं विचारणारं कोणी भेटलं नाही. वाचून छान म्हणणारे भेटले.

गेल्या महिन्यात, या लेखासाठी काही तपशील पडताळायचे आहेत असं निमित्त करून, मी साडेसातची गाडी पकडली. सर बैठकीतच होते. जाड चष्मा, हातात भिंग. आवाजावरून ओळखलं.

"मिस्त्री? उशीर केला हो. चहा थंडा झाला."

पंधरा वर्षांचा चहा. मी खाली बसलो आणि नमस्कार करायच्याही आधी बोलून टाकलं, "सर, मला कद आठवत होता. तुमचा सांगितला होता."

सर हसले. खळखळून हसले, पुढे खोकला लागला. "मले तवाच समजलं होतं ना. मी पिंजाऱ्याचा पोरगा. कापड हातात घेतलं की माप कळते. मनात म्हनलं, पाहू मिस्त्री कवा सांगते!"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची वस्तू होती. तुमीच आनाले पाह्यजे."

मी कापडाचं विचारलं. सरांनी कपाटाकडे बोट केलं. वरच्या कप्प्यात ते होतं, त्याच घडीत. "वापस तं होत नाई. माप बी माहं हाय. म्हनलं, राहू द्या. लागंन कवातरी. तुमच्या हातचं हाय, बाहेरून कायले आना?"

मी कपाटाकडे पाहू शकलो नाही. सरच म्हणाले, "लिहा हे. गौरवग्रंथात लिहा."

"सर, गौरवाच्या लेखात कफन? संपादक मंडळ..."

"मंडळाले सांगा, मी म्हनलं. पन जसं हाय तसं लिहा. त्याले आनखी कशाची उपमा देऊ नका."

म्हणून या लेखात सरांना वटवृक्ष किंवा दीपस्तंभ म्हणायची सोय मला राहिलेली नाही. म्हटलं असतं तर अमरावतीला होणाऱ्या गौरव समारंभात वड उपटून आणावा लागला असता. सर जसे आहेत तसे मी लिहिले: माझ्याहून एक वीत उंच, पिंजाऱ्याचे सुपुत्र, मराठीचे शिक्षक, बुधवारी रजा टाकून येणारे.

सरांनी पंचाहत्तरी गाठली. माझी प्रार्थना त्या वरच्या कप्प्यासाठी आहे. ते कापड तिथेच पडून राहो. घडीच्या रेषांवर ते पिवळं पडो, मग कसर लागो, मग हात लावताच विरून जावं इतकं जुनं होवो. त्या दिवशी सर ठणठणीत आवाजात मला बोलावून म्हणोत, "मिस्त्री, तुमचं कापड कामातून गेलं." आणि मी म्हणेन की दुसरं आणायची मला मुळीच घाई नाही.

पुढच्या रविवारी साडेसातच्या गाडीने येतो आहे, सर. नवी कविता आहे. वस्तू आणतो.