अकरा सेकंदांचा हशा

टीव्ही बघणारी माणसं मी आयुष्यात शेकड्यांनी पाहिली, पण टीव्ही तपासणारा माणूस एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. समोर आलेला नग ड्रॉइंगमधल्या मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर त्यावर लाल फराटा मारायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घरी येताच मामांनी ते आपल्या मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं, दिवसाला दोन मिनिटं मागं पडतं असं सिद्ध केलं, त्याच्या पाठीवर लाल फराटा मारला आणि ते भिंतीला लावलं. कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत ते अजून टांगलेलं आहे आणि मामा रोज सकाळी ते दोन मिनिटं पुढं करतात. मामी पाहुण्यांना ते घड्याळ दाखवून म्हणायच्या, "माझ्या पाठीवर नाही मारला, हेच नशीब." पाहुणे हसायचे, आणि पाहुण्यांचं हसून झालं की मग मामी हसायच्या. मामींना जाऊन आता वर्ष होत आलं. मला खरं तर त्यांच्या त्या हसण्याविषयीच सांगायचं आहे, पण मामांना ओलांडून तिथं पोचता येत नाही.

रिकामं बसणं मामांच्या स्वभावात नाही. निवृत्तीनंतर पहिले काही महिने त्यांनी दुधाची पिशवी, गॅसचं सिलिंडर आणि स्टेशनवरून जाणाऱ्या लोणावळा लोकलच्या वेळा तपासल्या. मग त्यांना दुपारी दीडची मालिका सापडली. नव्वदच्या दशकातली ही विनोदी मालिका. एक विसरभोळा कारकून, त्याची धडाडीची बायको, कान जड झालेले सासरे आणि मध्ये एक सोफा. पहिल्यांदा लागायची तेव्हा सगळा महाराष्ट्र तिच्यासाठी लवकर जेवायचा. आता एक चॅनल ती सोमवार ते शुक्रवार दाखवतं. शेवटचा भाग संपला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला. मामा सव्वाला जेवण उरकतात, चष्मा पुसतात, कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच गळ्यात अडकवतात आणि मांडीवर लांबडी वही घेऊन बसतात. वहीत भाग क्रमांक, लांबी, काय कापलं आणि शेरा असे रकाने पट्टीने आखलेले असतात. तो शेऱ्याचा रकाना इतका अरुंद का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, शेरा लांबला की समजावं तपासनिसाला माप घेता आलेलं नाही.

चॅनलवाले जुन्या मालिकेचं काय काय करतात, हे मला मामांमुळे कळलं. मूळ भाग तेवीस मिनिटांचा होता. चॅनलने आधी शीर्षकगीत अर्ध्यावर आणलं. मग शेवटी येणारी कलाकारांची नावं एका कोपऱ्यात दाबून अशी पळवायला सुरुवात केली की त्या माणसांच्या आयांनाही ती वाचता येऊ नयेत. मग एखादा संवाद गेला, मग सासऱ्यांचं दार उघडून आत येणं गेलं, त्यामुळे सासरे हल्ली एकदम सोफ्यावरच उगवतात. जाहिराती वाढल्या तशी मालिका आटत गेली. मामांचा सगळ्यात मोठा शोध म्हणजे मालिका किंचित पळवूनही दाखवतात. मालिकेतल्या भिंतीवर सेकंदकाट्याचं एक घड्याळ आहे. त्याचं एक मिनिट मामांच्या स्टॉपवॉचवर छप्पन्न सेकंदांत संपलं. त्या दिवशी त्यांनी मला चाकणला कंपनीत फोन केला. मी उत्पादनाच्या लाइनवर होतो, मशीन बंद पडलेलं, वरचे साहेब डोक्यावर उभे. मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, चार सेकंद चोरीला गेलेत. घाई नाही, सावकाश या." क्रमाचं तर विचारूच नका. मामांच्या मते तिथं कोणीतरी डोळे मिटून कॅसेट उचलतं. बारसं आधी दाखवतात आणि डोहाळजेवण पुढच्या आठवड्यात. गणपतीचा भाग एकदा होळीला लागला. सुट्टी आली की एकाच दिवशी सलग बारा भाग लावतात. मामी त्याला मालिकेचं श्राद्ध म्हणायच्या.

आधी मामांना वाटलं, कापाकापी आपल्या गल्लीतच होते. वही काखेत मारून ते केबलवाल्या भाईंकडे गेले. भाईंचं स्टेशनच्या बोळात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, केबलचा धंदा तिथूनच चालतो. मामांनी त्यांना सगळे रकाने वाचून दाखवले. भाईंनी हातातलं काम बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, कापतात ते मुंबईत. माझ्याकडं फक्त वायर हाय. वायर तुमाला पुरी दिलीये." मामांना हे उत्तर फार आवडलं. आपल्या हद्दीतलं काम चोख केलं असं सांगणारा माणूस त्यांना चौतीस वर्षांत क्वचितच भेटला होता. तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली. मामींच्या दहाव्याला नदीच्या घाटावर भाई आमच्याआधी येऊन उभे होते.

भाईंनीच मामांना चॅनलचा पत्ता मिळवून दिला. मग मामांची पत्रं सुरू झाली. कारखान्यात नापास मालाचा अहवाल लिहायची जी पद्धत, तीच: दोष, माप, सुचवलेला उपाय. प्रत्येक पत्राची खाली कार्बन लावून नक्कल. पत्रांना उत्तर येत नसे आणि मामांना त्याचं काही वाटत नसे. अहवाल देणं आपलं काम, असं ते म्हणत. एका पत्राला मात्र उत्तर आलं. त्या पत्रातली सूचना मामांना स्वतःलाच फार पटलेली होती. वेळ कमी पडतो म्हणून तुम्ही संवाद का कापता, असं त्यांनी विचारलं होतं. संवाद हा मूळ नग आहे. प्रेक्षकांचा हशा ही नगाच्या कडेला राहिलेली कुसळं आहेत. आम्ही कुसळं घासून टाकतो, नग कापत नाही. तुम्हीही हशा काढावा. चॅनलने छापील कागदावर कळवलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. मामांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि मामींना बोलावून दाखवला. मामींनी पदराला हात पुसत तो वाचला आणि म्हणाल्या, "घेतली ना नोंद? आता जेवा."

या हशावरून दोघांचा जुना वाद होता. त्या मालिकेचं चित्रीकरण खऱ्या प्रेक्षकांपुढं व्हायचं. कासारवाडीच्या महिला मंडळाची बस एकदा चित्रीकरण पाहायला मुंबईला गेली होती आणि तीत मामी होत्या. मामांची तेव्हा पहिली पाळी होती, ते गेले नाहीत. मामी नाही तरी कुठं फारशा गेल्याच नाहीत. माहेर, सासर, आळंदी आणि ही एक बस. पण त्या एका दिवसावर त्यांनी तीस वर्षं काढली. तिथं एक माणूस 'हसा' असं लिहिलेली पाटी वर करायचा, सगळ्यांनी हसायचं, पाटी खाली झाली की थांबायचं. मामींना विनोद पाटी खाली गेल्यावर कळला. कारकून सहा महिने रोज कुंडीतल्या झाडाला पाणी घालतो, शेवटी कळतं की झाड प्लास्टिकचं आहे, आणि त्याची बायको म्हणते, "म्हणूनच अजून जिवंत आहे." सगळे हसून गप्प झाले आणि मग एकट्या मामी हसल्या. पाटीवाल्याने डोळे वटारले, तरी थांबता येईना. तो भाग लागला की मामी खरकटी भांडी तशीच टाकून बाहेर यायच्या. "आले बघा मी." मामा स्टॉपवॉचवरून नजर न काढता म्हणायचे, दोनशे माणसांत तुझंच कशावरून? पुरावा काय? मामी म्हणायच्या, चाळीस वर्षं घरात ऐकताय, पुरावा कसला मागता. मामांनी शेवटपर्यंत मानलं नाही. भांडण असं नव्हतंच ते, पण एकदा मामी म्हणाल्या, "एकदा हो म्हणा ना, काय जातंय तुमचं?" तेव्हा मी तिथं होतो. मामा वहीत काहीतरी लिहीत राहिले. हे मला आठवलं की अजून मामांचा राग येतो आणि मग लगेच त्यांच्याविषयी वाईट वाटतं.

मामी तीन दिवसांच्या तापाने गेल्या. त्यानंतर मामा दीड वाजता टीव्हीपुढं बसत, पण वही मिटलेली असे. काळेवाडीला आमच्याकडे राहायला या म्हटलं तर नको म्हणाले. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीखही त्यांनी शनिवारची घेतली. मग एका गुरुवारी, चाकणला गुरुवारची सुट्टी असते म्हणून मी डबा घेऊन गेलो होतो, ते म्हणाले, "झाडाचा भाग यायचाय अजून." मला समजायला वेळ लागला. मामींचा आवाज कुठंच साठवलेला नव्हता. फोनवर त्या "हो, बरंय, ठेवते" एवढंच बोलायच्या आणि ते कोण साठवून ठेवतं? फोटोत हसताना होत्या, पण फोटो मुका. जगात त्यांचं हसू शिल्लक होतं ते त्या एका भागात. बायकोने मोबाइलवर शोधलं तर त्या मालिकेचे आठ-दहा भाग मिळाले, पण हा नाही. चॅनलचा क्रम तर आंधळा. म्हणून मामा रोज थांबत होते. पुरावा मागणारा माणूस आता स्वतःच पुरावा शोधत होता, आणि आम्हीही त्याच्याबरोबर सात महिने थांबलो.

भाग गुरुवारीच लागला. भाईंनी सकाळी टीव्हीवरच्या यादीत नाव पाहून फोन केला होता. मी, बायको आणि मामा, तिघंही मोबाइल तयार ठेवून बसलो. मामांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. कारकुनाने झाडाला पाणी घातलं. त्याच्या बायकोने पान ओढून पाहिलं. ती म्हणाली, "म्हणूनच अजून जिवंत आहे." आणि लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली, सासरे सोफ्यावर बसून पेपर वाचत होते. मध्ये काही नव्हतं. कोणी हसलंच नाही. आदल्या दिवसापर्यंत हशा होता, त्या भागात मात्र कुठंच कोणी हसलं नाही. तो कारकून रिकाम्या घरात बोलल्यासारखा बोलत होता.

मामांनी स्टॉपवॉच थांबवलं. उठून कपाटातून पत्रांच्या नकलांची फाइल काढली आणि एक कागद माझ्या हातात दिला. "जावईबापू, माल ड्रॉइंगप्रमाणे आलाय," ते म्हणाले. "ड्रॉइंग माझंच आहे."

मी त्यांना सांगितलं की एवढं मोठं चॅनल म्हाताऱ्या माणसाच्या पत्रावरून काही करत नसतं, जाहिरातींसाठीच कापलं असणार. बायकोनेही तेच सांगितलं. मला अजून तसंच वाटतं. पण मामा ऐकत नव्हते, ते नुसते त्या कागदाकडे बोट दाखवत होते. म्हणून मी तो वाचला. निळ्या कार्बनची पुसट अक्षरं. काढण्याजोग्या हशाचं उदाहरण म्हणून मामांनी हाच भाग दिला होता. मी मोठ्याने वाचलं: "प्लास्टिकच्या झाडाचा प्रसंग. संवादानंतर हशा एकूण अकरा सेकंद. पैकी पहिले आठ सर्वांचे. शेवटचे तीन सेकंद एकाच बाईचे, उशिरा सुरू झालेले. अनावश्यक."

बायको रडायला लागली. रडतच ती म्हणाली, "मामा, म्हणजे तुम्हाला ऐकू आलं होतं. तुम्ही मोजलं होतं तिला."

मामांनी कागद परत घेतला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसले. मग खिशातलं पेन काढून 'अनावश्यक' या शब्दावर त्यांनी एक रेघ मारली. शेजारी समासात 'मान्य' असं लिहिलं आणि खाली कारखान्यात करायचे तशी पूर्ण सही केली, तारखेसकट. मान्य कोणाला कळवायचं होतं, ते आम्ही विचारलं नाही. फाइल मांडीवर तशीच ठेवून त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि सुरू केलं. तीन सेकंद झाल्यावर त्यांनी ते थांबवलं आणि काट्याकडे बघत राहिले.

"बराच वेळ हसली होती हो," ते म्हणाले.