सुभेदारांच्या सहा मधपेट्या

ते प्रकरण आठवलं की मला अजूनही माझीच लाज वाटते.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक पाटण तालुक्यातल्या एका लहान ठाण्यात होती. ऐन श्रावणात लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार अर्ज घेऊन आले. त्यांच्या सहाही मधपेट्यांतल्या माश्या आठवडाभरात मेल्या होत्या. संशयित म्हणून त्यांनी शेजारच्या मुलीचं नाव लिहिलं होतं. बांधावरून दोन्ही घरांत धुसफूस होतीच; त्यात ती फवारणीचा पंप घेऊन पेट्यांजवळ दिसल्याची खबर गावातल्या एकाने दिली.

ही मुलगी नुकतीच पोलीस भरतीत निवडली गेली होती. तिच्या चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडून होता. गुन्हा दाखल झाला असता, तर तिची हातातोंडाशी आलेली नोकरी गेली असती.

महिला शिपायासमोर मी तिला खडसावलं, "पंप घेऊन तिकडं कशाला गेली होतीस?"

"आमच्या वालावर मावा पडलाय साहेब, त्यावर निंबोळीचा अर्क मारला. काकांच्या माश्या मी कशाला मारीन?"

"ठाण्यात आल्यावर सगळे असंच बोलतात," मी म्हणालो. पुढे तीन तास फिरवून फिरवून तेच विचारलं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला जाताना एका जुन्या मधपाळाला सोबत नेलं. त्यानं पेटी उघडली. आतल्या चौकटींवर, पेटीच्या तोंडाशी, सगळीकडे तपकिरी डाग होते.

"साहेब, हे इख न्हाई. ह्यास्नी हगवण लागलीया," तो म्हणाला. "सुभेदार, पावसात फुलं नसत्यात, तवा काय खायला घालता?"

"यंदा घरची काकवी घातली," सुभेदार अभिमानानं म्हणाले. "बाजारची साखर मी सोता खात न्हाई, मग माश्यांना कशाला? आपल्या गुऱ्हाळातला शुद्ध माल हाय."

"आवं, साखरेचाच पाक द्यायचा असतो! काकवी माणसाला लय चांगली, माशीला पचत न्हाई. त्यात पावसानं भाईर पडता येईना. आतच मेल्या."

सुभेदारांनी डागाळलेली एक चौकट हातात घेतली. "म्हंजी माज्याच हातानं मारल्या की वो मी."

चौकट खाली ठेवून ते थेट शेजारच्या दारात गेले आणि चार माणसांदेखत त्या पोरीपुढं हात जोडले. "चुकलो गं पोरी. नाव घेतलं तुजं."

"आवं काका, आदी बसा बगू," म्हणत तिनं त्यांना हाताला धरून आत नेलं.

नोकरीभर मी माणसांतलं वैर शोधत आलो. कुणाकुणाशी वाकडं आहे, हा माझा पहिला प्रश्न असायचा. मायेपोटीही असा घात होतो, हे मला सहा रिकाम्या पेट्यांपुढे उभं राहिल्यावर कळलं. तिचा पडताळणीचा कागद मी त्याच दुपारी 'आक्षेप नाही' असा शेरा मारून पाठवला. पण सुभेदारांनी जे केलं, ते मला जमलं नाही. अंगावर वर्दी होती, ती आडवी आली.

ती मुलगी आता साताऱ्यात हवालदार आहे. कधी रस्त्यात भेटली की कडक सलाम ठोकते, आणि मान माझी खाली जाते.